एकच मेंदू, दोन उत्तरे: सीब्रेन आणि शेवटच्या अंकाचे प्रकरण

एका माणसाच्या मेंदूचा एक एमआरआय घ्या. तोच प्रोग्राम, त्याची तीच आवृत्ती, तीच सेटिंग्ज ठेवून तो दोन वेगळ्या संगणकांवर चालवा. मेंदूच्या खोल भागातली एखादी रचना प्रोग्रामने दोन्हीकडे आखून दिली, की त्या दोन आकृत्या एकमेकींवर ठेवून बघा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमके हेच केले होते. बहुतेक आकृत्या छान जुळल्या. काही ठिकाणी मात्र जुळणीचा आकडा ०.५९ इतका खाली आला. या मोजपट्टीत १ म्हणजे तंतोतंत जुळणी आणि ० म्हणजे एकमेकींना स्पर्शही नाही.

दोन संगणकांत फरक होता तो ऑपरेटिंग सिस्टीमचा. एकावर लिनक्सची जुनी आवृत्ती, दुसऱ्यावर नवी.

त्या ०.५९ चा माग काढायचा तर आधी हा प्रश्न उभा राहण्याइतकी कामे दोन संगणकांवर जातात तरी का, हे बघावे लागते.

कामे कुठे जातात

मेंदूच्या एका साध्या त्रिमितीय एमआरआयमध्ये सुमारे एक कोटी ठिपके असतात. फाइल म्हणून हे काही फार नाही. वेळ खाते ते त्यावरचे काम: कवटी वेगळी काढायची, करडे आणि पांढरे द्रव्य ओळखायचे, कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या घडीदार सालीच्या) आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाची जाळी बांधायची आणि दोन्हींमधले अंतर जागोजाग मोजायचे. फ्रीसर्फरसारख्या प्रोग्रामला या साऱ्यासाठी एका मेंदूमागे दहा तास आणि त्याहूनही जास्त लागत. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या अबाइड या ऑटिझमविषयक संग्रहात १७ केंद्रांतल्या १,११२ जणांचे स्कॅन होते. दहा तासांच्या हिशेबाने एका प्रोसेसरला त्यासाठी सव्वा वर्ष पुरणार नाही. तेवढ्यात संशोधकाच्या लक्षात यायचे की एक सेटिंग चुकले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन इव्हान्स यांच्या गटाने यासाठी सीब्रेन हा प्लॅटफॉर्म उभारला. संशोधकाने ब्राउझर उघडायचा, स्कॅन निवडायचे, प्रोग्राम निवडायचा आणि बटण दाबायचे. पुढे काम कोणत्या महासंगणकावर जाते, तिथली रांग कशी असते, फाइल कशा पोचतात, याची त्याने चिंता करायची नाही. २०१४ च्या त्यांच्या तांत्रिक लेखानुसार सीब्रेनला कॅनडातली नऊ राष्ट्रीय संगणन केंद्रे, कोरियातले एक, जर्मनीतले एक आणि काही स्थानिक सर्व्हर जोडलेले होते. ऑक्टोबर २०१३ पर्यंत १७ देशांतल्या ५३ शहरांतले २०० हून अधिक जण तो वापरत होते.

त्याच लेखातली आणखी एक गोष्ट मला या प्रकरणात कळीची वाटते. प्रोग्राममध्ये काहीही न बदलता, त्या केंद्राच्या व्यवस्थापकांना त्रास न देता आणि खास मांडणी न मागता कोणतेही केंद्र सीब्रेनला जोडता येते, असे तिथे अभिमानाने म्हटले आहे. अभिमान रास्तच होता. राष्ट्रीय संगणन केंद्राकडे जाऊन ‘आमच्यासाठी तुमची ऑपरेटिंग सिस्टीम बदला’ म्हणणाऱ्याला कोणी दारात उभे करत नाही. तिथे हवामानवाले, रसायनवाले, खगोलवाले सगळेच असतात. पण याचा अर्थ असाही होतो की प्रत्येक केंद्र जसे आहे तसेच स्वीकारायचे: कुठे पाच वर्षांपूर्वीचे लिनक्स, कुठे गेल्या महिन्यात अद्ययावत केलेले. वापरणाऱ्याला एकच खिडकी दिसते, तिच्यामागे मात्र नाना तऱ्हेची यंत्रे राबत असतात.

यात काय बिघडू शकते? समजा, एका आजाराचे शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसे यांची तुलना करायची आहे. रुग्णांचे स्कॅन मार्चमध्ये आले आणि एका केंद्रावर गेले, निरोगी माणसांचे जूनमध्ये आले आणि दुसऱ्यावर. आता दोन गटांतला फरक आजाराचा की केंद्राचा? हा धोका निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारा धोका फसलेल्या कामांतून येतो. दोनशेपैकी पंधरा कामे वेळेची मर्यादा संपल्याने मध्येच बंद पडतात आणि ती पुन्हा पाठवली की दुसऱ्याच, मोकळ्या केंद्रावर जाऊन पडतात. कोणती कामे वेळ संपेपर्यंत रेंगाळतात? ज्यांच्या स्कॅनमध्ये डोके हललेले असते, ज्यांच्या मेंदूची रचना नेहमीपेक्षा वेगळी असते. म्हणजे बहुधा रुग्णच. कुणी काही ठरवलेले नसते, तरी गट आणि यंत्र यांची गाठ बसलेली असते.

आधीची कुणकुण

शंका अगदी नवी नव्हती. २०१२ मध्ये एड ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांनी फ्रीसर्फरच्या तीन आवृत्त्या शेजारी ठेवून तपासल्या होत्या. ५.०.० ही आवृत्ती आणि तिच्या आधीच्या दोन आवृत्त्या यांच्यात मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के आणि कॉर्टेक्सच्या जाडीत सरासरी २.८ टक्के फरक निघाला. आवृत्ती बदलली की उत्तर थोडे बदलणार, हे एकवेळ समजून घेता येते, नव्या आवृत्तीत पद्धतच सुधारलेली असते. पण मॅकिंटॉश आणि ह्युलेट-पॅकार्डची यंत्रे यांच्यातही, आणि मॅकच्या १०.५ आणि १०.६ या दोन ऑपरेटिंग सिस्टीममध्येही फरक सापडले. आवृत्त्यांमधल्या फरकाच्या साधारण निम्मे, पण होते. आणि मेंदूच्या झिजेच्या आजारांत संशोधक जे बदल शोधत असतात, तेही याच मापाचे असतात.

म्हणजे काहीतरी होते आहे हे कळले होते. ते कशामुळे होते, हे बाकी होते.

काय मोजले

ट्रिस्टन ग्लाटार हे २०१५ च्या अभ्यासाचे पहिले लेखक, आणि सीब्रेन उभारणारी काही मंडळी, इव्हान्स धरून, सहलेखकांत होती. आपल्याच प्लॅटफॉर्मच्या पायाखालची जमीन उकरून बघायची आणि सापडले ते छापायचे, याला थोडे धाडस लागते.

त्यांनी दोन क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचे संच) घेतले. एकावर सेंटओएस ५.१०, दुसऱ्यावर फेडोरा २०. दोन्ही लिनक्सच, पण त्यांच्या मूलभूत सी लायब्ररींमध्ये (सगळे प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या संचांमध्ये) बऱ्याच वर्षांचे अंतर: पहिल्यात २.५ ही आवृत्ती, दुसऱ्यात २.१८. प्रोग्राम तीन, आणि तिन्ही या क्षेत्रातले नावाजलेले: ऑक्सफर्डचा एफएसएल, हार्वर्डशी संलग्न संस्थेत घडलेला फ्रीसर्फर आणि माँट्रियलचा घरचाच सिव्हेट.

निकाल सरसकट वाईट नव्हते, आणि यातच खरी गंमत आहे. मेंदू कवटीतून वेगळा काढणे, कॉर्टेक्समधली द्रव्ये ओळखणे, अशा छोट्या कामांत फरक नाहीच किंवा नगण्य. काम लांबत गेले तसा फरक वाढत गेला. मेंदूच्या खोल रचना आखताना एफएसएलची जुळणी बहुतेकदा ०.९ च्या वर राहिली, पण सर्वांत खालचा आकडा तो ०.५९. फ्रीसर्फर आणि सिव्हेट यांच्या जाडीच्या नकाशांत मेंदूच्या काही भागांत ऑपरेटिंग सिस्टीमचा किंवा प्रोग्राम कुठे बांधला (कोडपासून चालण्याजोगा तयार केला) याचा परिणाम दिसला.

चालत्या मेंदूचे चित्रण करणाऱ्या एफएमआरआयमध्ये तर तपासलेल्या व्यक्तींपैकी एक तृतीयांश जणांचे घटक-विश्लेषण (मिसळलेले संकेत वेगळे काढण्याचे काम) दोन यंत्रांवर वेगवेगळे आले. मूळ होते एका प्राथमिक पायरीत. स्कॅन चालू असताना डोके जरा हलते, ते प्रत्येक चित्रात मागे सरकवून जागेवर आणावे लागते. ही पायरी कुणी सहसा तपासत नाही. ती होऊन गेली की विसरली जाते. आणि फरक तिथेच शिरला होता.

गणिताची लायब्ररी

दोन हजार ओळींचा हिशेब असेल तर माणूस वहीत बोट ठेवून पहिली न जुळणारी ओळ शोधतो. इथे हिशेब कोट्यवधी ओळींचा होता, त्यामुळे त्यांनी बोट ठेवण्याचे काम यंत्राला दिले. प्रोग्राम चालू असताना तो गणिताच्या लायब्ररीला जे जे विचारतो ते मध्येच अडवून नोंदवायचे: कोणते फलन, कोणता आकडा आत गेला, कोणता बाहेर आला. मग दोन्ही क्लस्टरच्या नोंदी शेजारी ठेवायच्या. आत गेलेला आकडा तोच आणि बाहेर आलेला वेगळा, असे जिथे पहिल्यांदा घडेल ती जागा पकडायची.

ती जागा सापडली गणिताच्या साध्यासुध्या फलनांमध्ये, उदाहरणार्थ ई चा घात काढणाऱ्या फलनात. तेही त्याच्या ‘सिंगल प्रिसिजन’ रूपात.

इथे थोडे थांबायला हवे. संगणक अपूर्णांक साठवतो तेव्हा त्याला ठरावीक जागा असते. सिंगल प्रिसिजनमध्ये आकड्याचे सार्थ बिट २४, म्हणजे दशांशात सुमारे सात अंक. इतक्या जागेत १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तर उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च येते. तो १ मावतच नाही. डबल प्रिसिजनमध्ये ५३ बिट, म्हणजे सोळाच्या आसपास अंक. मग सगळीकडे डबलच का वापरत नाहीत? कारण मेमरी दुप्पट लागते, आणि कोट्यवधी ठिपक्यांच्या चित्रांवर काम करताना हे प्रोग्राम घडले त्या काळी हा मोठाच खर्च होता.

आता कुणीही विचारेल की अंक सात तर सात, पण ते सात दोन्हीकडे सारखे का नसावेत? या आकडेमोडीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईईई ७५४. ते बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांच्या बाबतीत कडक आहे: उत्तराचे पूर्णांकन अचूकच झाले पाहिजे. पण घात, लॉगरिदम, साइन, कोसाइन यांवर तेवढी सक्ती नाही, कारण त्यांचा शेवटचा अंक दर वेळी अचूक ठरवणे फार महाग पडू शकते. त्यामुळे लायब्ररी लिहिणारे शेवटच्या अंकात थोडी सूट घेतात. पुढे कुणी सुधारणा करतो आणि नवे उत्तर जुन्यापेक्षा अधिक बरोबर येते. तुमचा प्रोग्राम तोच राहतो, पण त्याच्या पायाखालचा अंक हललेला असतो. यात चूक कुणाचीच नाही. सुधारणा करणाऱ्याने आपले काम चोखच केले आहे.

सातव्या अंकातल्या फरकाने मेंदूच्या नकाशात इतके अंतर कसे पडते? ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. फरक नुसते साचत गेले असते तर ते लहानच राहिले असते, शिवाय काही एकमेकांना खोडून काढत. खरी अडचण निर्णयांची आहे. या पाइपलाइन (एकामागून एक पायऱ्यांच्या साखळ्या) पावलोपावली निर्णय घेतात: हा ठिपका करडा की पांढरा, डोके डावीकडे सरकवले तर चित्र जास्त जुळते की उजवीकडे, आता थांबावे की आणखी एक फेरी घ्यावी. डोंगराच्या धारेवर पडलेला थेंब केसभर इकडे पडला तर एका दरीत जातो, तिकडे पडला तर दुसऱ्या. शेवटच्या अंकाने थेंब केसभरच सरकवलेला असतो, पुढचे अंतर उतार पाडतो. म्हणून बहुतेक मेंदूंत काहीच झाले नाही आणि थोड्यांत एकदम मोठा फरक पडला. सरासरी बघणाऱ्याला हे कळत नाही. सरासरी ०.९ च्या वर आहे म्हणून तो खूश असतो.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी धडा सीब्रेन किंवा लिनक्सविषयी नाही. ज्या मेंदूवर दोन यंत्रे भांडली, त्या मेंदूच्या बाबतीत पद्धत धारेवर उभी होती, एवढीच ती बातमी आहे. एकाच यंत्रावर काम केले असते तर थेंब एकाच दरीत गेला असता आणि धार होती हे कुणाला कळलेही नसते.

उपाय आणि त्याची खोट

पहिला उपाय सहज सुचणारा: प्रोग्राम बांधतानाच गणिताची लायब्ररी त्याच्या पोटात घालून टाकायची, म्हणजे तो कुठेही गेला तरी स्वतःचीच शिदोरी वापरेल. यापुढची पायरी म्हणजे अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच सोबत न्यायची. अशा गाठोड्याला कंटेनर म्हणतात. ते बांधणारे डॉकर २०१३ मध्ये आले होते, पण सामायिक महासंगणकांवर ते चालवू देत नसत, कारण त्यात वापरणाऱ्याला व्यवस्थापकाचे अधिकार मिळण्याचा धोका असे. पुढे सिंग्युलॅरिटी ही कंटेनरची दुसरी प्रणाली महासंगणक डोळ्यांपुढे ठेवूनच घडवली गेली आणि वाट मोकळी झाली. २०१६ मध्ये बिड्स या मानकाने स्कॅनच्या फाइल कशा मांडायच्या हे ठरवून दिले, आणि वर्षभरात त्या मांडणीवर चालणारे कंटेनरबंद प्रोग्रामही आले. ग्लाटार आणि सहकाऱ्यांनी बुटीक्स ही वर्णनपद्धत आणली: प्रोग्रामला काय लागते, तो काय देतो, कोणत्या कंटेनरमध्ये चालतो, हे एका फाइलमध्ये लिहायचे आणि कोणत्याही प्लॅटफॉर्मने ते वाचून प्रोग्राम चालवायचा. आज असा कंटेनर दोन केंद्रांवर चालवला तर उत्तर बहुधा शेवटच्या अंकापर्यंत सारखे येते.

प्रश्न सुटला असे वाटते. पण २०१५ च्या त्याच लेखात लेखकांनी बजावले होते की अशा युक्त्या म्हणजे वळसे आहेत: वेगळ्या सिस्टीमवर बांधलेले दोन प्रोग्राम किंवा दोन वेगळ्या आभासी यंत्रांत चाललेले प्रोग्राम पुन्हा वेगळी उत्तरे देऊ शकतात. म्हणजे माझ्या कंटेनरमध्ये मी कायम डाव्या दरीत उतरतो, तुमच्या कंटेनरमध्ये तुम्ही कायम उजव्या. दोघांचेही निकाल ‘पुन्हा काढून बघा, तेच येतील’ या कसोटीला उतरतात. थेंब मात्र धारेवरच आहे. त्यांची शिफारस वेगळी होती: पाइपलाइनच्या नाजूक जागांवर अधिक अंकांचे आकडे वापरा आणि पद्धत आकड्यांच्या धक्क्यांना किती टिकते हे तपासा. हे काम कंटेनर बांधण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे, वीस-वीस वर्षे जुन्या कोडमध्ये शिरून करायचे. कंटेनर वाऱ्यासारखे पसरले आणि हे मागे पडले, यात नवल नाही.

मोठ्या संग्रहांनी आणखी एक सुटसुटीत वाट धरली. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्यविषयक संग्रहाने एक लाख जणांचे स्कॅन करण्याचे लक्ष्य ठेवले आणि प्रक्रियेची पाइपलाइन ऑक्सफर्डमध्ये एकदाच घडवली. मूळ स्कॅनबरोबर मोजून काढलेली तयार मापेही मिळतात, त्यामुळे प्रत्येक संशोधकाला ती नव्याने काढावी लागत नाहीत. गट आणि यंत्र यांची गाठ बसण्याचा धोका असा टळतो. मात्र पाइपलाइन एखाद्या मेंदूवर धारेवर उभी असेल, तर ती सगळ्यांसाठी एकाच बाजूला कलंडते, आणि वेगळे उत्तर घेऊन येणारा कुणी उरत नाही.

अशा प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्याने काय करावे, हे यातून बऱ्यापैकी ठरते. एका अभ्यासातले सगळे स्कॅन एकाच केंद्रावर, एकाच कंटेनरमध्ये चालवायचे. फसलेली कामे पुन्हा पाठवताना ती कुठे जातात ते बघायचे, आणि ती दुसरीकडे गेली असतील तर सगळीच तिकडे पुन्हा चालवायची, कितीही जिवावर आले तरी. निकालासोबत प्रोग्रामची आवृत्ती सगळेच लिहितात, ऑपरेटिंग सिस्टीम आणि लायब्ररीची आवृत्ती फार थोडे. तीही लिहायची. आणि दहा-वीस स्कॅन मुद्दाम दुसऱ्या यंत्रणेवर चालवून बघायचे. खर्च थोडा असतो, आणि आपल्या पद्धतीत धार कुठे आहे ते कळते.

या शेवटच्या कल्पनेला पुढे नीट रूप आले. आता कंटेनरमुळे यंत्रे भांडेनाशी झाली होती, म्हणून भांडण मुद्दाम लावायचे ठरले. अली सलारी, ग्लाटार आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये गणिताची अशी लायब्ररी वापरली की जी प्रत्येक उत्तराच्या शेवटच्या अंकांत थोडी यादृच्छिक थरथर मिसळते. तीच पाइपलाइन त्याच स्कॅनवर पुन्हा पुन्हा चालवायची आणि उत्तरे किती पसरतात ते मोजायचे. ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत केल्याने जेवढा फरक पडतो, तेवढाच या कृत्रिम थरथरीने पडला. म्हणजे लायब्ररीवरचा संशय खरा ठरला.

हा प्रयोग त्यांनी ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट या मेंदूच्या खुल्या माहितीच्या मोठ्या प्रकल्पाच्या पाइपलाइनवर केला होता. माणसामाणसांतले फरक थरथरीतही टिकून राहिले, ही दिलासा देणारी बाजू. दुसरी बाजू अशी, की प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या चित्रांत, उपलब्ध २४ बिटांपैकी भरवशाचे बिट आठाहूनही कमी निघाले. दशांशात जेमतेम दोन-अडीच अंक. उरलेले सोळाहून अधिक बिट कोणत्या टप्प्यावर गळतात, ते शोधणे लेखकांनी पुढच्या कामासाठी ठेवले.